एका एकरात २६च गुंठे का?

सोलापुरात जागेचं बोलणं गुंठ्यात चालतं. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, झाला एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. विजापूर रोड, अक्कलकोट रोड, बाळे, शेळगी, देगाव, कुठेही जा, पहिला प्रश्न "मालक, गुंठ्याला काय भाव?" हाच असतो. मग शेजारशेजारच्या दोन रानांतले भाव ऐकून माणूस बुचकळ्यात पडतो. एकीकडे ‘मंजूर लेआउट’, म्हणजे प्लॉट-रस्त्यांचा महापालिकेने मंजूर केलेला आराखडा, भाव चढा. बांधापलीकडे तीच काळी माती, तोच डांबरी रस्ता, आणि भाव बराच कमी. घेणाऱ्याला वाटतं, हा फरक फक्त महापालिकेच्या शिक्क्याचा. शिक्क्यासाठी एवढे पैसे कशाला घालवायचे?

फरक शिक्क्याचा नाही, जमिनीचाच आहे. कसा, ते एका एकराचा हिशेब मांडला की कळतं.

शेताच्या मालकाने मंजुरीच्या भानगडीत न पडता एकरभर रान तोडून विकायचं ठरवलं, तर मधून १०-१२ फुटांची एक वाट ठेवून तो ३६ गुंठे सहज विकतो. त्याच रानात नियमाने प्लॉट पाडायचे तर दोन गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. पहिली मोकळी जागा. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात, ती डिसेंबर २०२० पासून सोलापूरलाही लागू आहे. तिच्यानुसार जमीन ०.४ हेक्टर म्हणजे ४००० चौरस मीटर किंवा जास्त असेल, तर १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडायची. एकर भरतो ४०४७ चौरस मीटर, म्हणजे अट लागली. ४ गुंठे गेले. दुसरी गोष्ट रस्ते. आतला रस्ता १५० मीटर लांबीपर्यंत ९ मीटर रुंद हवा, त्याहून लांब असेल तर आणखी रुंद. ९ मीटर म्हणजे जवळजवळ ३० फूट. रानाचा आकार कसा आहे यावर अवलंबून रस्त्यात ८-१० गुंठे सहज जातात. विकायला उरले साधारण २६.

भाव चढा का, तर त्या २६ गुंठ्यांच्या किमतीत उरलेल्या १४ गुंठ्यांचा वाटा असतो. स्वस्त गुंठा घेणाऱ्याला ते १४ गुंठे मिळालेलेच नसतात. त्यातले १० तर मालकाने प्लॉट म्हणून विकलेले असतात.

माझ्या आत्याने असा गुंठा घेतला होता. १९९२ मध्ये शहराची हद्द वाढली, आजूबाजूची गावं महापालिकेत आली आणि जुन्या सोलापूरच्या कितीतरी पट मोठा भाग एकदम ‘शहर’ झाला. आजही लोक त्याला ‘हद्दवाढ भाग’च म्हणतात. मामा गिरणीतून घरी बसले तेव्हा हाताशी आलेल्या पैशांत दोघांनी तिकडे शंभराच्या स्टँपपेपरवर नोटरी करून जागा घेतली, दोन खोल्या बांधल्या. गल्ली १२ फुटांची. पाण्याचा टँकर आत वळायचा नाही, म्हणून नळाला पाणी नसलेल्या दिवशी कोपऱ्यापासून घागरी वाहायच्या. मामांना रात्री झटका आला तेव्हा रुग्णवाहिका कोपऱ्यावर थांबली आणि शेजाऱ्यांनी त्यांना बाजेवरून तिथवर नेलं. मामा वाचले. पण ‘९ मीटर रस्ता’ हे शब्द वाचले की मला ती बाज दिसते, आणि हा नियम म्हणजे उगाच अडवणूक आहे असं कुणी म्हटलं की मी गप्प बसू शकत नाही.

आता लेआउट मंजूर होतो म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू.

महापालिका हद्दीत हे काम नगररचना विभागाचं. हद्दीबाहेर ते जिल्हाधिकारी कार्यालय आणि राज्याच्या नगररचना खात्याच्या जिल्हा शाखेकडे जातं. महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना अधिनियम, १९६६ हा मूळ कायदा. जमिनीची विभागणी हाही त्या कायद्याने ‘विकास’च आहे, म्हणजे वीटसुद्धा न लावता नुसते प्लॉट पाडायचे तरी परवानगी लागते. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत अर्ज होतो. सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा आणि प्लॉट-रस्त्यांचा आराखडा.

तपासणारा पहिल्यांदा बघतो तो झोन. विकास आराखड्याच्या नकाशावर रहिवासी भाग पिवळा, औद्योगिक जांभळा, शेतीचा हिरवा. जमीन हिरव्यात असेल तर निवासी लेआउटचा विषय बहुतेक वेळा तिथेच थांबतो. ‘फार्म हाऊस प्लॉट’ म्हणून पाच-पाच गुंठे विकणाऱ्यांच्या जाहिराती दिसतात, पण शेतघराच्या परवानगीसाठी किमान ०.४ हेक्टर जमीन लागते, हे त्या फलकावर लिहिलेलं नसतं. झोन जमला की शाळा-बागेसारख्या सार्वजनिक कामासाठी आरक्षण आहे का, आराखड्यातला एखादा रुंद रस्ता जमिनीतून जातो का, मुख्य रस्त्याला जोडणारी वाट पुरेशी आहे का, वरून विजेची उच्चदाबाची तार गेली आहे का, हे पाहतात. होटगी रोडच्या बाजूला विमानतळामुळे उंचीचं बंधन येतं. जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली ती विमानसेवेला अडथळा ठरते म्हणून, आणि तेव्हापासून ‘उंचीचा दाखला’ काय असतो हे सोलापूरकरांना वेगळं सांगावं लागत नाही.

नाल्याबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. आपल्याकडे आठ महिने नाले कोरडे असतात, त्यामुळे नकाशावरची नाल्याची रेघ म्हणजे फुकट पडलेली जमीन असं लोकांना वाटतं. माती ढकलून तो बुजवला की दोन प्लॉट जास्त निघतात. १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस ज्यांनी पाहिला, त्यांना पाणी आपली जुनी वाट कशी शोधतं ते माहीत आहे. काळी माती पाणी धरते, फुगते, खाली झिरपू देत नाही. म्हणून लेआउट तपासताना उतार, नाला आणि त्याच्या काठाने सोडायचं अंतर हे मला रस्त्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. तुम्ही प्लॉट बघायला जाल तेव्हा मे महिन्यात जाऊ नका, जुलै-ऑगस्टमध्ये जा.

आराखडा बसला की आधी तात्पुरती मंजुरी मिळते. मग जागेवर मोजणी करून प्लॉटच्या हद्दी कायम करायच्या, रस्ते-गटारं करायची, आणि त्यानंतर अंतिम मंजुरी. तिच्या आधारे कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्राच्या विभागणीची भूमी अभिलेखातली नोंद, होऊन प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघतो. फसवणुकीची जागा बहुतेक वेळा या दोन मंजुऱ्यांच्या मधली असते. विकणारा तात्पुरत्या मंजुरीचा नकाशा दाखवून इसार घेतो आणि पुढचं काम करतच नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि आठपेक्षा जास्त प्लॉट असतील, तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी केल्याशिवाय जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. नोंदणी क्रमांक घेऊन तो मोबाईलवर शोधायला पाच मिनिटं लागतात.

आणि ‘एनए’? फलकावर ‘एनए प्लॉट’ लिहिलेलं असतं म्हणून लोक निश्चिंत होतात. एनए म्हणजे जमिनीचा वापर शेतीचा राहिला नाही एवढंच. तिचे तुकडे कसे पाडायचे, रस्ता कुठून, मोकळी जागा कुठे, हे एनए सांगत नाही, ते मंजूर लेआउट सांगतो. तसंच घरपट्टीची पावती आणि लाईट बिल. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे महापालिका अधिनियमात स्पष्ट आहे. उलट अनधिकृत घराला कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते. आत्याकडे २० वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या एका पत्र्याच्या पेटीत नीट ठेवलेल्या होत्या. तिच्यासाठी तीच मालकीची कागदपत्रं होती.

आता ‘सवलत’. या एका शब्दाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात आणि तिथेच गोंधळ होतो.

खरी सवलत म्हणजे झोन तोच, वापर तोच, फक्त नियमातलं एखादं माप आपल्या जागेपुरतं शिथिल करून मागायचं. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, बाळीवेस या जुन्या भागात जा. १२ फूट रुंद आणि ६० फूट खोल अशी घरं आहेत, पुढे दुकान, मधे माग, मागे चूल. तिथे दोन्ही बाजूंनी सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि भिंत यांमधली मोकळी जागा, सोडायचं म्हटलं तर मधे जिनासुद्धा बसणार नाही. दाटीच्या भागासाठी नियम आधीच सैल आहेत, तरी काही जागा त्यातही बसत नाहीत. अशा वेळी खरोखरची अडचण दाखवून दिली तर माप कमी-जास्त करायचा अधिकार आयुक्तांना आहे. पण त्याला कुंपण आहे. आरोग्य, आग, इमारतीची मजबुती आणि लोकांची सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये. आणि रस्त्याच्या हद्दीपासूनचं अंतर, चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) आणि पार्किंग, या तिन्हींत नियमावलीनेच अन्यत्र मुभा दिली नसेल तर सूट नाही.

अडचण जागेची आहे की मालकाच्या हौसेची, हा यातला कळीचा प्रश्न. तिरकस, चिंचोळा, नाल्याने कापलेला प्लॉट ही जागेची अडचण. आधी जास्तीचं बांधून ठेवायचं आणि मग "आता पाडायला लावू नका, अडचण आहे" म्हणायचं, ही जागेची अडचण नव्हे. तुमच्या शेजाऱ्याला बाजूचं अंतर कमी करून मिळालं, तर तुमच्या खिडकीतला उजेड कमी होतो. अमेरिकेतल्या गावांत अशी सूट मागितली की शेजाऱ्यांना नोटीस जाते आणि खुल्या सभेत त्यांचं ऐकून घेतात. आपल्याकडे ती फाइल कार्यालयातच फिरते, शेजाऱ्याला कळतं ते भिंत उभी राहिल्यावर. ही उणीव मला फार मोठी वाटते. सध्या हाती आहे तो माहिती अधिकार: मंजूर नकाशा, सवलतीचा आदेश आणि त्यामागचं कारण, तिन्ही मागता येतात.

दुसरी गोष्ट झोन बदल. हिरव्याचं पिवळं करणं किंवा एखादं आरक्षण हलवणं हे आयुक्तांच्या एका सहीने होत नाही. त्यासाठी नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यातच फेरबदल करावा लागतो. महापालिकेचा ठराव, राजपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी, मग प्रस्ताव राज्य सरकारकडे आणि तिथे मंजुरी. मार्च २०२२ नंतर महापालिकेत प्रशासक होते तेव्हा सभागृहाचे अधिकारही प्रशासकांकडेच होते. ठरावावर चर्चा करायला नगरसेवकच नसताना हरकतीचा तो एक महिना किती मोलाचा असतो, ते वेगळं सांगायला नको. संपूर्ण विकास आराखडा साधारण २० वर्षांनी नव्याने करायचा असतो आणि त्याचा मसुदा आला की तेव्हाही ३० दिवस मिळतात. वर्तमानपत्रात बारीक अक्षरात आलेली ही सूचना आपण उलटून पुढे जातो. हरकत साध्या कागदावर, मराठीत, गट नंबर आणि कारण लिहून देता येते. वकील लागत नाही. पोच मात्र घ्यायची.

"झोन बदलणार आहे, आत्ताच घ्या" किंवा "आरक्षण उठणार आहे" असं एजंट सांगतो. आरक्षण उठण्याची वाट कायद्यात आहे, नाही असं नाही. आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. पण नोटीस दिली आहे का, कोणत्या तारखेला, हे कागदावर दाखवा म्हटलं की बहुतेक एजंट विषय बदलतात.

तिसरी गोष्ट नियमितीकरण, म्हणजे झालेली चूक दंड घेऊन पदरात घेणं. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय पाडून विकलेल्या गुंठ्यांचा, कायदा २००१ चा. तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू होता, २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरून घर नियमित होतं, बँकेचं कर्ज मिळतं, माणूस रात्री शांत झोपतो. सरकारी जागेवरचं घर त्यात बसत नाही. तुकडेबंदी हा आणखी वेगळा कायदा, १९४७ चा, शेतजमिनीचे फार बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून. ऑगस्ट २०२३ पासून त्याचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा करता येत नाही ते माप, बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे झालं. २०२५ मध्ये सरकारने १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे जुने तुकड्यांचे व्यवहार शुल्क न घेता नियमित करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी पेढे वाटले. आनंद खरा होता, उताऱ्यावर नाव लागणं ही लहान गोष्ट नाही. पण त्यात नियमित होतो तो व्यवहार. १२ फुटांची गल्ली ३० फुटांची होत नाही. आत्याचं घरही नियमित झालं. टँकर अजून कोपऱ्यावरच थांबतो.

सोलापूरच्या बाबतीत एक गोष्ट मनाला लागते. १० लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांत एकराच्या आसपासच्या आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये २० टक्के लहान प्लॉट गरीब आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची अट यूडीसीपीआरमध्ये आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर भरलं ९,५१,५५८. थोडक्यासाठी अटीबाहेर राहिलं. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या लोकांचं हे शहर. त्यांना परवडेल असा मंजूर प्लॉट बाजारात नसतो, म्हणूनच ते नोटरीवाल्या गुंठ्याकडे वळतात. अडाणीपणामुळे नव्हे. माझ्या आत्याला लिहिता-वाचता येत होतं आणि हिशेब तर माझ्यापेक्षा चांगला येत होता.

प्लॉट घेणार असाल तर नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. मंजूर लेआउटची प्रत विकणाऱ्याकडून न घेता कार्यालयातून घ्या, आणि ती हातात धरून जागेवर उभे राहा. रस्ता पावलांनी मोजा. मोकळी जागा कुठे दाखवली आहे तिथे चालत जा. उतारा भोगवटादार वर्ग २ चा, म्हणजे विक्रीवर बंधन असलेल्या जमिनीचा, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. तुमचा स्वतःचा अर्ज असेल तर नगररचना अधिनियमाचं कलम ४५ लक्षात ठेवा: नियमात बसणाऱ्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिली असं मानलं जातं. नकार आला तर ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

मोकळ्या जागेचं मात्र शेवटपर्यंत सांगतो, कारण ती सगळ्यात आधी जाते. मंजूर लेआउटमधली मोकळी जागा कमी करायला परवानगी देता येत नाही. तिच्यावर बांधकाम झालं तरी १५ टक्क्यांपर्यंतच, तेही व्यायामशाळेसारख्या सगळ्यांच्या उपयोगाचं. तिची जागा बदलायची असेल तर प्लॉटधारकांची संमती लागते. ही संमती म्हणजे तुमची सही.

आम्ही राहतो त्या लेआउटमध्ये सहा वर्षांपूर्वी एक गृहस्थ संध्याकाळच्या वेळी घरोघर फिरत होते. "वहिनी, बाग होणार आहे, मोठी, इथे सही करा." आईने चहा दिला आणि नकाशा मागितला. तो त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही नगररचना विभागात जाऊन सुधारित प्रस्ताव पाहिला, तेव्हा कळलं की बाग मोठी होणार होती ती मागच्या नाल्याच्या काठावर, आणि रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेवर सहा प्लॉट आखले होते. आईने ती आकृती वहीच्या पानावर काढून घेतली आणि संध्याकाळी ओट्या-ओट्यावर जाऊन दाखवली. शेजारच्या अण्णांनी आधी केलेली सही लेखी अर्ज देऊन मागे घेतली. बाकी ११ घरांनी सही दिली नाही. प्रस्ताव पुढे सरकला नाही.

त्या जागेला अजून कुंपण नाही. एका बाजूला कुणीतरी लावलेले दोन कडुनिंब आता पत्र्याच्या वर गेलेत, आणि रविवारी सकाळी तिथे स्टंपच्या जागी विटा लावून क्रिकेट चालतं. आईची ती वही कपाटात मंजूर नकाशाच्या प्रतीबरोबर ठेवली आहे. नवं बिऱ्हाड आलं की ती काढून दाखवते.